ट्रॉलीचा ब्रेक

उसाने भरलेली ट्रॉली थांबवणारी वस्तू बहुतेक वेळा ट्रॉलीत नसते. ती असते ट्रॅक्टरमध्ये, गिअरबॉक्सच्या डाव्या-उजव्या अंगाला, तेलात बुडालेल्या काही डिस्कमध्ये. या डिस्क आकाराने लहानच. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन टनांच्या आसपास, आणि त्यामागे हुकाला अडकवलेल्या दोन ट्रॉल्यांचे वजन त्याच्या आठ-नऊ पट. एवढा सगळा भार चौकात, पुलाच्या उतारावर किंवा साखर कारखान्याच्या रांगेत थांबवायचे काम या डिस्कवर येते. म्हणून ट्रॉलीच्या ब्रेकची दुरुस्ती हा विषय मराठवाड्यात ट्रॅक्टरपासून सुरू होतो. ट्रॉलीच्या चाकांपर्यंत तो पोचायला हवा, पण अजून क्वचितच पोचतो.

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातले किल्लारी हे या वाहतुकीच्या वाटेवरचे गाव. लातूरहून औसा आणि लामजना ओलांडून उमरग्याकडे निघालेला रस्ता किल्लारीला शिवून जातो. उमरग्याला तो सोलापूर-हैदराबाद महामार्गाला मिळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने हे नाव जगाला माहीत झाले. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांच्यामधले अरुंद बोळ आणि त्यांत झोपलेली माणसे, सगळेच त्या पहाटे गाडले गेले. नंतर उभी राहिलेली पुनर्वसित गावे मोकळ्या जागेवर, रुंद रस्ते आखून वसवलेली आहेत. जुन्या बोळांतून बैलगाडी जेमतेम जायची. नव्या आखणीच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळतो. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात माकणीला तेरणेवर धरण आहे. धरणाचे पाणी, विहिरी आणि बोअर यांच्या जोरावर या पट्ट्यात ऊस आला. उसाबरोबर कारखाने आले: किल्लारीचा निळकंठेश्वर शेतकरी सहकारी साखर कारखाना, त्याच तालुक्यात बेलकुंडचा मारुती महाराज सहकारी साखर कारखाना. किल्लारीचा कारखाना अनेक वर्षे बंद राहून पुन्हा सुरू झाला. तो बंद असताना या भागातला ऊस लांबच्या कारखान्यांकडे न्यावा लागे, आणि खेप लांबली की ब्रेकवरचा ताणही वाढतो.

गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. फडात टोळी ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॉलीत चढवते. ट्रॉली कडेच्या फळ्यांच्या कितीतरी वर भरली जाते आणि मग दोराने आवळली जाते. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. त्यामुळे एका खेपेत जितका जास्त ऊस, तितका डिझेलचा खर्च कमी आणि कर्जाचा हप्ता सोपा. या हिशेबात ब्रेकला जागाच नाही. ब्रेक बसवल्याने टनाला एक रुपयाही जास्त मिळत नाही. ट्रॉली जवळपासच्या वर्कशॉपमध्ये चॅनल-अँगल जोडून तयार होते. जाड ॲक्सल, हब, टायर आणि ड्रॉबार एवढ्यावर तिचे चालणे भागते. थांबण्याची सोय वेगळी मागितली तरच होते आणि ती मागणारे थोडे. उभ्या ट्रॉलीच्या चाकाखाली दगड लावला जातो. चालत्या ट्रॉलीला तोही नाही.

टायरच्या बैलगाडीलाही ब्रेक नसे. पण उतार लागला की बैल मान ताठ करून मागे रेटा देत आणि गाडीवान खाली उतरून कासरा ओढून धरी. गाडीचा भार आणि तो अडवणाऱ्या बैलांची ताकद यांचा मेळ बसलेला होता. ट्रॅक्टर आल्यावर ओढण्याची ताकद अनेक पटींनी वाढली, अडवण्याची त्या मानाने वाढली नाही. पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर सपाट डांबरी रस्त्यावर वीस टन सहज ओढतो, कारण चाकावर फिरणाऱ्या वजनाला पुढे नेण्यास थोडाच जोर लागतो. थांबवण्याचे गणित वेगळे आहे.

ते गणित एकदा नीट मांडून पाहण्यासारखे आहे. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून वजन २० टन धरू, वेग ताशी २० किलोमीटर. ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना आहे. त्या चाकांवर ट्रॅक्टरचे साधारण दीड टन वजन पडते. कोरड्या डांबरावर टायरची पकड या वजनाच्या सुमारे ६० टक्के असते, म्हणजे जास्तीत जास्त ९०० किलोचा अडथळा. वीस हजार किलोच्या गाडीला मागे खेचायला नऊशे किलो. या हिशेबाने गाडी थांबायला ब्रेक लागल्यापासून ३५ मीटर लागतात. प्रत्येक चाकाला ब्रेक असता आणि निम्म्या पकडीइतकाच तो लावला असता, तर तीच गाडी पाच-सहा मीटरमध्ये थांबली असती. वेग ताशी ४० केला की दोन्ही आकडे चौपट होतात.

उतारावर परिस्थिती याहून बिकट होते. शंभर मीटरला पाच मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर २० टनांना खाली ओढणारा जोर १,००० किलोचा असतो आणि ब्रेकची कमाल ताकद ९०० किलोची. चाकांच्या घासण्याचा थोडा हातभार सोडला, तर ही गाडी थांबवता येत नाही. डिस्क नव्या असोत, तेल ताजे असो, पेडलवर कितीही ताकदीचा पाय असो, मागची चाके जागीच अडकून घसरत जातात. गिअरमध्ये ठेवून इंजिनाने गाडी रोखणे चांगलेच आहे, पण इंजिनाचा अडथळाही त्याच दोन चाकांतून रस्त्यापर्यंत पोचतो. त्याने पकड वाढत नाही. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्याकडे तर फक्त ब्रेक उरतो. बालाघाटच्या पठारावरून तेरणेच्या खोऱ्याकडे उतरणारे रस्ते घाटासारखे दिसत नाहीत. उतार लांब आणि सौम्य असतो, म्हणून तो फसवतो.

हुकाचा भाग यात महत्त्वाचा आहे. दोन चाकांच्या ट्रॉलीचा काही भार ड्रॉबारमधून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो, आणि तेवढी पकड वाढते. पुढची चाके वळणारी चार चाकी ट्रॉली आपला सगळा भार स्वतः पेलते. ती ट्रॅक्टरला पकड देत नाही, फक्त रेटा देते. ब्रेक दाबला की हा रेटा हुकावर येतो. रस्ता सरळ असला तर ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. वळणावर तोच रेटा तिरका लागतो आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो.

आता त्या डिस्ककडे वळता येईल, कारण आज तरी किल्लारीच्या रस्त्यावर सगळी भिस्त तिच्यावर आहे. मोटारीच्या चाकामागे दिसते तशी ही डिस्क उघडी नसते. मोटारीत एक मोठी तबकडी चाकाबरोबर फिरते आणि दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. ही कल्पना इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये पेटंट केली. ट्रॅक्टरमध्ये चिमटीऐवजी थर असतात. चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या दात्यांवर लायनिंगच्या डिस्क बसवलेल्या असतात, त्या शाफ्टबरोबर फिरतात. त्यांच्यामध्ये न फिरणाऱ्या पोलादी प्लेट असतात आणि मधोमध ॲक्च्युएटर. ॲक्च्युएटर म्हणजे समोरासमोर बसवलेल्या दोन पोलादी चकत्या; त्यांच्या उतरत्या खाचांत गोळ्या असतात. पेडल दाबले की दांडा या चकत्यांना एकमेकींच्या उलट फिरवतो, गोळ्या खाचांच्या चढावर चढतात, चकत्या फाकतात आणि सगळे थर एकमेकांवर दाबले जातात. पायाचा जोर इथे कितीतरी पटींनी वाढतो. फिरती डिस्क ॲक्च्युएटरला आपल्याबरोबर थोडी ओढते, त्यानेही दाब वाढतो.

जुन्या ट्रॅक्टरांत हीच रचना कोरडी असे; त्याला गॅरेजमध्ये ड्राय ब्रेक म्हणतात. ड्राय ब्रेकचे दोन शत्रू: बाहेरून येणारा चिखल-पाणी आणि आतून सील फुटून येणारे तेल. लायनिंगवर तेल आले की ब्रेक निसटतो आणि ते लायनिंग धुऊन पुन्हा वापरण्यात अर्थ नसतो, कारण तेल आत मुरलेले असते. नव्या ट्रॅक्टरांत ऑइल ब्रेक आला. त्याचे लायनिंग तेलातच चालण्यासाठी बनवलेले असते. तेल उष्णता वाहून नेते, झीज कमी होते, काळ्या रानातला चिखल आत शिरत नाही. एकदा बसवला की बरीच वर्षे चालतो, आणि म्हणूनच विसरला जातो.

बिघाडाची पहिली खूण पेडलवर कळते. पेडल खोल जाऊ लागते, किंवा डावे आणि उजवे वेगवेगळ्या खोलीवर लागते. ट्रॅक्टरला दोन ब्रेक पेडल असतात ती शेतात एका चाकावर वळण्यासाठी. रस्त्यावर ती पट्टीने एकत्र जोडायची असतात. जोडलेली असूनही एका बाजूचा खेळ जास्त असला तर दुसरी बाजू आधी पकडते आणि ट्रॅक्टर तिकडे ओढला जातो. ट्रॅक्टर एकटा असेल तर ड्रायव्हर हे स्टिअरिंगने सांभाळतो. मागे दोन ट्रॉल्या असतील तर सांभाळायला वेळ मिळत नाही.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात पाना लावून दांड्याची नट फिरवण्यापासून होते, डिस्क उघडण्यापासून नव्हे. पुढच्या चाकांना दगड लावून मागचा भाग जॅकवर घ्यायचा, खाली घोडी ठेवायची. प्रत्येक पेडलचा खेळ कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाला आणायचा, दोन्हींचा सारखा. पेडल सोडल्यावर चाक हाताने मोकळे फिरले पाहिजे. ते जड फिरत असेल तर ब्रेक घासत राहील, तेल तापेल आणि डिस्क विनाकारण झिजतील. मग ट्रॅक्टर खाली घेऊन मातीच्या मोकळ्या जागेत, पेडल जोडून, हळू वेगात ब्रेक दाबायचा. दोन्ही चाकांच्या घसरल्याच्या रेघा सारख्या लांबीच्या आल्या तर जुळणी बरोबर. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि ते हंगामात एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा करावे लागते. दांड्याचे आटे संपले तरी पेडल वर येत नसेल, तेव्हा मात्र आतले लायनिंग संपलेले असते.

उघडण्याआधी तेल काढायचे आणि ते नीट पाहायचे. दुधासारखे पांढुरके असेल तर पाणी शिरले आहे. काळे आणि करपट वासाचे असेल तर ब्रेक तापलेला आहे. बोटांवर चमकदार कणी लागत असेल तर पोलाद पोलादावर घासले आहे. काही मॉडेलांत ब्रेकचे घर गिअरबॉक्सच्या बाजूला असते आणि चाक न काढता उघडते. काहींत चाक आणि ॲक्सलचे लांब हाऊसिंग, म्हणजे ट्रम्पेट, उतरवावे लागते. थर ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने ठेवायचे. लायनिंगवर तेल वाहण्यासाठी कोरलेल्या रेषा असतात. त्या पुसट झाल्या की डिस्क बदलायची. पोलादी प्लेटवर निळसर डाग दिसले तर ती तापून नरम झालेली आणि बहुधा वाकलेली असते. सपाट काचेवर ठेवून कडेने फीलर गेज घातली की वाक कळतो. लेथवर घासून सपाट केलेली प्लेट पातळ होते आणि पेडलचा खेळ पुन्हा वाढवते. ती बदललेली बरी.

ॲक्च्युएटर बहुतेक वेळा फडक्याने पुसून परत बसवला जातो, आणि नवे लायनिंग घालूनही ब्रेक नीट न लागण्याचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते. गोळ्यांच्या खाचांत खळगे पडले असतील तर गोळी चढताना अडकते. मग ब्रेक झटक्याने लागतो किंवा सुटतच नाही. स्प्रिंगा सैल झाल्या असतील तर चकत्या परत मिटत नाहीत. नव्या डिस्क बसवण्याआधी तेलात भिजवून ठेवाव्या लागतात. कोरड्या बसवल्या तर पहिल्या काही दाबांतच त्यांचा पृष्ठभाग जळतो. सील आणि ओ-रिंग नव्याच घ्यायच्या. डिस्क दोन्ही बाजूंच्या एकाच वेळी बदलायच्या, एका बाजूच्या चांगल्या दिसत असल्या तरी. आणि तेल ऑइल ब्रेकसाठी सांगितलेलेच घालायचे. साध्या गिअर ऑइलवर ब्रेक लागताना थरथरतो आणि ओरडतो, कारण ऑइल ब्रेकच्या तेलात मिसळलेले घर्षण सांभाळणारे घटक त्यात नसतात.

एवढे सगळे मन लावून केले तरी वरचे ९०० किलोचे गणित बदलत नाही. उत्तम दुरुस्तीने ब्रेक आपल्या कमाल ताकदीला पोचतो, त्यापुढे जात नाही. पुढे जायचे तर ब्रेक ट्रॉलीच्या चाकांना हवा.

जगात जिथे ट्रॉली, ट्रेलर किंवा राहण्याची सोय असलेली कॅरॅव्हॅन गाडीमागे ओढली जाते, तिथे हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडवला गेला आहे. युरोपात मोटारीमागच्या ट्रेलरचे भारासह वजन ७५० किलोच्या वर गेले की त्याला स्वतःचा ब्रेक लागतो. साडेतीन टनांपर्यंत साधी युक्ती चालते: गाडी थांबू लागली की ट्रेलर पुढे रेटतो, तो रेटाच ड्रॉबारमधला दांडा मागे सरकवून ट्रेलरचे ब्रेक लावतो. किल्लारीच्या वळणावर ट्रॅक्टर आडवा करणारा रेटा तिथे ब्रेकच्या कामाला लावलेला आहे. जड शेती-ट्रेलरना ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक दाबावर किंवा ट्रकसारख्या हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असतात. अमेरिकेत फिरस्तीच्या मोठ्या ट्रेलरवर डिस्क ब्रेक बसवतात: गाडीतून विजेचा इशारा जातो, ट्रेलरवरचा छोटा पंप तेलाला दाब देतो आणि कॅलिपर चाकाची डिस्क धरतात. ट्रेलरवर ड्रम ब्रेकच जास्त आढळतात, ते स्वस्तही असतात. पण डिस्क उघड्यावर असल्याने लवकर निवते, पाणी झटकून टाकते आणि सगळ्या चाकांवर सारखी लागते.

रचना कोणतीही असो, ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरच्या ब्रेकपेक्षा किंचित आधी लागावा. म्हणजे हुक ताणलेला राहतो, मागची गाडी पुढचीला ढकलत नाही. शिवाय हुकाची पिन निसटली तर ट्रॉलीचा ब्रेक आपोआप लागेल अशी तार आणि तिच्याबरोबर साखळी असावी लागते. साखळी आजही कोणत्याही ट्रॉलीला लावता येते, आणि तिच्यासाठी वर्कशॉपला जाण्याचीही गरज नाही.

असा डिस्क ब्रेक उसाच्या ट्रॉलीला बसवला, तर त्याचा खरा वैरी वापर नसून पडून राहणे आहे. अमेरिकेतला फिरस्तीचा ट्रेलर वर्षातून थोडे दिवस रस्त्यावर असतो. उसाची ट्रॉली हंगाम संपला की बांधाच्या कडेला उभी राहते ती दिवाळीपर्यंत, मध्ये मृगापासून परतीपर्यंतचा सगळा पाऊस अंगावर घेत. या काळात डिस्कवर गंज चढतो, कॅलिपरच्या पिना जाम होतात, पिस्टन सिलिंडरला चिकटतो. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल ओढून घेते. ताज्या डॉट-३ फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. मग लांब उतारावर ब्रेक तापला की फ्लुइडची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि दाब पॅडपर्यंत पोचत नाही.

म्हणून या ब्रेकची दुरुस्ती हंगामाच्या आधी करायची. चाक काढले की दोन्ही पॅड ताडून पाहायचे. पिस्टनच्या बाजूचे पॅड जास्त झिजले असेल तर कॅलिपर पिनेवर सरकत नाही. पिना काढून गंज घासायचा आणि ब्रेकसाठीचेच सिलिकॉनचे ग्रीस लावायचे. चाकाच्या बेअरिंगचे साधे ग्रीस इथल्या रबराला फुगवते. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. मायक्रोमीटरने पाच-सहा ठिकाणी मोजून कुठेही ती त्याखाली असेल तर डिस्क बदलायची. तडा असेल तर मोजायचीही गरज नाही.

पिस्टन मागे ढकलताना हवा काढायची निपल उघडी ठेवायची, म्हणजे कॅलिपरमधला गाळ नळीतून परत वर जात नाही. पिस्टन सहज सरकत नसेल तर कॅलिपर खोलून सील किट टाकायचे. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला मागे घेणारी वेगळी स्प्रिंग नसते. दाबाने पीळ पडलेले चौकोनी सील सुटताना त्याला केसभर मागे ओढते. सील कडक झाले की ते केसभर अंतरही राहत नाही, पॅड घासत राहते आणि हब तापतो. मग नवे फ्लुइड भरून सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढत यायचे. एकाने दाब द्यायचा, दुसऱ्याने निपल उघडायची, दाब सोडण्याआधी बंद करायची, पारदर्शक नळीत बुडबुडे येणे थांबेपर्यंत. इथे एक चूक सगळे काम वाया घालवू शकते. ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक तेल खनिज असते आणि डॉट फ्लुइड वेगळ्या जातीचे. दोघांसाठीची रबरे वेगळी. ट्रॉलीच्या टाकीत ट्रॅक्टरचे तेल ओतले तर थोड्याच दिवसांत सगळी सीले फुगून निकामी होतात.

हब उघडलेलाच असतो, तेव्हा बेअरिंग धुऊन नवे ग्रीस भरायचे आणि मागचे सील बदलायचे, कारण तिथून निसटलेले ग्रीस थेट डिस्कवर येते. चाकाच्या नट आमनेसामने अशा क्रमाने टॉर्क पान्याने आवळायच्या आणि पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा तपासायच्या. नवी पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसेपर्यंत रिकामी ट्रॉली जोडून मध्यम वेगात वीसेक वेळा ब्रेक लावायचा, मध्ये निवायला वेळ द्यायचा. मग पहिली भरलेली खेप. कारखान्याच्या काट्याजवळ रांगेत थांबल्यावर प्रत्येक हबजवळ हात नेऊन पाहायचे. सगळे सारखेच कोमट असतील तर प्रत्येक चाक आपला वाटा उचलत आहे. एखादाच चटका देत असेल तर तिथला पिस्टन परतलेला नाही, आणि एखादा थंडगार असेल तर त्या चाकाला ब्रेक लागतच नाही.